पाहुण्यांच्या कुणग्यातलं भात

पर्यावरण जपून प्रवास करणारी माणसं मी अगदी जवळून पाहिली आहेत. त्यांच्या गाद्यांवर चादरी मी घातल्या, त्यांचे टॉवेल मी वाळत टाकले, त्यांच्या कचऱ्यातला ओला कुठला आणि सुका कुठला हेही मीच वेगळं केलं. त्यामुळे त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायचा मला अधिकार आहे असं मी धरून चालते. ती माणसं वाईट नसतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझा आवाज चढणार आहे.

कारापूरला डोंगराच्या उतरणीवर एक जुनं घर आणि त्याखालची शेतं पणजीकडच्या एका बाईंनी घेतली. घर नीट केलं, खोल्या काढल्या, आणि जमिनीला ओझं न होता सुट्टी घालवायची असेल तर इथे या, असं जगाला कळवलं. जग आलं. प्लॅस्टिकची बाटली फाटकावरच काढून घ्यायची, साबण रिठ्याचा, जेवण केळीच्या पानावर, सकाळी न्याहारीला गावच्या पदेराच्या भट्टीतले उंडे पाव. मोप्याला विमानतळ झाल्यापासून पाहुण्यांची सोय आणखी सोपी झाली. विमानातून उतरायचं, बॅटरीच्या गाडीत बसायचं, आणि धूर न सोडता कारापूरला पोचायचं. विमानाच्या धुराबद्दल कुणी काही विचारत नसे. विचारलंच तर त्याचंही उत्तर होतं, ते पुढे सांगते.

मी तिथे घराची देखरेख करायला होते. त्याआधी माझी सगळी उमेदीची वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर गेली. ट्रक काट्यावर चढायचा, मी वजन लिहून चिठ्ठी फाडायची, ट्रक उतरायचा, दुसरा चढायचा. खाणी बंद पडल्या तसा काटाही बंद पडला. मग काही वर्षं परकर-ब्लाऊज शिवले, शिकवण्या घेतल्या, आणि शेवटी ही नोकरी मिळाली. डोंगर फोडून ट्रकात भरले जात होते तेव्हा मी काट्यावर बसून होते, आणि आता लोकांना सांगत होते की आंघोळीला एकच बादली पाणी घ्या, पाणी मौल्यवान आहे. माझं मलाच हसू यायचं, पण ते पगाराच्या आत ठेवावं लागायचं.

आमचं घर मुळगावला. आई दोडामार्गकडची, लग्न होऊन इकडे आली. वडील खाणीवर मशीन चालवायचे आणि आई घराखालचा कुणगा बघायची. कुणगा म्हणजे चहूबाजूंनी मेर, म्हणजे मातीचा बांध, घातलेला भाताचा तुकडा. आमचा काही फार मोठा नव्हता, पण वर्षाची पेज त्यात निघायची आणि आईचा सगळा जीव त्यात होता. मग वरच्या बाजूला खाणीतली टाकाऊ माती रचत गेले, आणि एका पावसात ती माती पाण्याबरोबर खाली आली. लाल, गुळगुळीत गाळ. आईने तो टोपलीने काढला. पुढल्या पावसात पुन्हा आला, तिने पुन्हा काढला. आमच्या एकाच घरात एक माणूस दिवसभर माती उपसायचं आणि दुसरं माणूस ती टोपलीने उचलायचं. रात्रीच्या जेवणाला दोघंही समोरासमोर बसायची आणि मातीचा विषय काढायची नाहीत. शेवटी रोपं नुसती पिवळी पडायला लागली आणि आईने शेतात जायचं सोडलं. पुढे वडील गेले, खाणही थांबली, पण कुणगा काही परत आला नाही.

यात भाताच्या दाण्यापेक्षा आईला एका गोष्टीची चुटपुट जास्त होती. आमच्याकडे चवथीला नवं करतात. नवीन भाताची कणसं शेतातून आणायची, गणपतीपुढे ठेवून पूजा करायची, मग आंब्याच्या पानांबरोबर ती दारावर बांधायची. शेत गेल्यावर पहिली काही वर्षं शेजारणीने मूठभर कणसं दिली. मग तिचंही शेत गेलं. मग आम्ही डिचोलीच्या बाजारात चवथीच्या आधी जुड्या मिळतात त्या आणायला लागलो. आई त्या मुकाट्याने बांधायची, पण बांधताना तिचं तोंड पाहवत नसे. देवाला दुसऱ्याच्या घामाचं देतो आणि आमचं म्हणून सांगतो, असं तिला वाटायचं. गुडघे दुखायला लागल्यापासून ती हे उघड बोलायला लागली. "एकदा तरी माज्या हातान लायलेला बांदूक व्हया. मगे पाय मोडले तरी मोडांदेत." डॉक्टरने तिला सांगून ठेवलं होतं की वाकण्याचे दिवस आता थोडे राहिलेत.

म्हणून घराच्या मालकीणबाईंनी, म्हणजे आमच्या मॅडमनी, जेव्हा विचारलं, की पाहुण्यांना भात लावायला शिकवणारं कुणी जुनं माणूस तुझ्या ओळखीत आहे का, तेव्हा माझ्या तोंडातून आईचंच नाव गेलं. आईला सांगितलं तर ती चुलीपुढून उठलीच. शेत कोणाचं, पगार किती, एकही प्रश्न नाही. पाणी कुठलं एवढंच तिने विचारलं. झरीचं, असं मी म्हटलं, आणि ती म्हणाली, मग चांगलं होईल.

मृगाला अजून अवकाश होता, पण झरीचं पाणी सोडून चिखल तयार केला होता. पहिल्या शनिवारी आईने घरून नारळ आणला. मेरेवर शेताच्या राखणदाराच्या नावाने ठेवला, हात जोडले, गाऱ्हाणं घातलं की पीक नीट येऊंदे, किडामुंगीची नजर नको. पाहुणे चारी बाजूंनी फोटो काढत होते. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं, बाई किती भाविक आहे. मग सगळे चिखलात उतरले, किंचाळले, हसले, एकमेकांच्या गालाला चिखल फासला, आणि वेड्यावाकड्या ओळीत थोडी रोपं रोवून जेवायला गेले. ते जेवत होते तेव्हा आई उपाशीपोटी त्या ओळी सरळ करत होती. मी हाक मारली तर म्हणाली, "अशी ठेवली तर पीक मार खातला. तू जा." संध्याकाळी परतताना बसमध्ये तिच्या नखांत चिखल होता आणि ती तो पुन्हा पुन्हा बघत होती. कितीतरी वर्षांनी मी तिला इतकी खूश पाहिली.

सोमवारी आम्ही पोचलो तर त्या कुणग्यात पॉवर टिलर फिरत होता. शनिवारची सगळी रोपं उपटून मेरेवर ढीग करून ठेवली होती.

आई आधी समजलीच नाही. तिला वाटलं, चालवणारा शेत चुकला. ती साडी वर खोचून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "कोणी सांगल्यान तुका ह्या करूक?" तो बिचारा बाहेरगावचा, त्याने मशीन बंद करून घराकडे बोट दाखवलं. मॅडम धावत आल्या. त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि अगदी प्रेमाने समजावलं, "सोमवारीं शेत परत तयार करचें पडटा, मावशी. शेनवारा नवे लोक येतात. तांकांय लावपाक मेळूंक जाय न्हय? आनी फुकट कायच वचना, सगळें खत जाता."

फुकट काहीच जात नाही. हे त्या घराचं ब्रीदच होतं. दर शनिवारी लावायचं, सोमवारी उपटायचं, उपटलेलं कुजवायचं, त्या खतावर पुढची रोपं वाढवायची, आणि ती पुन्हा शनिवारी लावायची. एक दाणा कधी पिकायचा नाही, पण वायाही काही जायचं नाही. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला एकदा गाळ भरलेल्या शेतात टोपली घेऊन उभं करावं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आईला भातापेक्षा नारळाचं लागलं होतं. राखणदाराला गाऱ्हाणं घालून पीक दे म्हणायचं, आणि तिसऱ्या दिवशी आपल्याच हाताने उपटायचं, म्हणजे देवाची चेष्टा झाली. ती पुन्हा जाणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. पण बुधवारी ती मॅडमपुढे जाऊन उभी राहिली आणि एकच गोष्ट मागितली. माडाखालचा कोपरा माझ्यासाठी सोडा. तिथे मशीन घालू नका. चवथीपुरतं भात मला तिथे करू द्या.

मॅडम लगेच हो म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, त्यांनी एका शब्दानेही अडवलं नाही. वर म्हणाल्या, किती सुंदर कल्पना!

आईने दोडामार्गला मावशीकडून हळव्या भाताचं बियाणं आणवलं, म्हणजे लवकर तयार होणारं. चवथीच्या आत कणीस पडायला हवं होतं. रोपांचा तरवा स्वतः वाढवला, एकटीने लावला, कुणाला हात लावू दिला नाही. पुढे सगळा पाऊसभर असं चाललं, की मधल्या शेतात दर आठवड्याला लावायचं नि उपटायचं नाटक आणि माडाखाली एक खरं शेत. पाहुण्यांना चिखलात खेळवून झालं की आई हळूच कोपऱ्यात जायची, तण काढायची, पाणी बघायची, मेरेला पडलेलं खेकड्याचं बीळ बुजवायची. गुडघे धरून उठायची आणि पुन्हा बसायची.

पाहुण्यांचे तऱ्हेतऱ्हेचे नमुने यायचे. एक गृहस्थ दिल्लीहून आले होते. फार अभ्यासू. त्यांनी आईला शेजारी बसवून सांगितलं, की आपण विमानाने आलो त्याचं आपल्याला वाईट वाटतं, पण त्या धुराची भरपाई म्हणून आपण इथे रोपं लावतो, म्हणजे हिशोब बरोबर होतो. मी ते आईला समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "म्हणजे हेचा विमान माज्या चिखलात जिरला?" हे मी त्यांना उलट सांगितलं नाही. ते समाधानाने मान हलवत होते, आणि सोमवारी त्यांची भरपाई मेरेवर कुजत पडायची होती.

श्रावण लागता लागता कोपऱ्यातलं भात निसवलं. आधी दूध भरलं, मग कणसं जड होऊन कलायला लागली. आई रोज सकाळी कामाआधी तिकडे एक चक्कर टाकायची. चिमण्यांसाठी तिने माझा जुना लाल ब्लाऊज काठीला अडकवला. बाजारातल्या जुडीवालीला सांगून आली की यंदा आमच्यासाठी ठेवू नको. दोडामार्गच्या मावशीला चवथीला बोलावलं, ते गणपतीपेक्षा कणसं दाखवायलाच. वाड्यावर जी भेटेल तिला सांगायची, यंदा घरचं नवं आहे. मला बरं वाटायचं आणि थोडी भीतीही वाटायची. माझा स्वभावच तसा आहे, चांगलं व्हायला लागलं की मी दाराकडे बघायला लागते.

चवथीच्या आधीच्या शनिवारी मोठा ग्रूप आला. जोडून सुट्ट्या होत्या, सगळ्या खोल्या भरल्या होत्या, बाहेर तंबूही ठोकले होते. न्याहारीनंतर मॅडम पाहुण्यांना घेऊन शेतात फिरत असताना माडाखाली थांबल्या. कणसं उन्हात पिवळी दिसत होती. मॅडमनी दोन्ही हात जोडून तोंडापाशी नेले. मग वळून सगळ्यांना नव्याची गोष्ट सांगितली. फार छान सांगितली, मलाही इतकी नीट सांगता आली नसती. आणि म्हणाल्या, आज आपण भात लावणार नाही, आज आपण नवं करणार. प्रत्येकाने आपल्या हाताने कणसं कापायची, जुडी बांधायची, आणि आपापल्या घरी नेऊन दाराला लावायची.

टाळ्या पडल्या. आई विळा घेऊनच उभी होती. तिने तो आपल्यासाठी आणला होता, संध्याकाळी कापून घरी न्यायचं असं आमचं ठरलं होतं. ती मॅडमच्या जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "बाय, थोडी माका ठेव हां." मॅडमनी तिच्या खांद्यावर हात टाकला. "मावशी, तुमचींच न्हय तीं! तुमी शिकयात तांकां."

आणि आईने शिकवलं. दांडा कुठे धरायचा, किती खाली कापायचा, आंब्याचं पान कसं दुमडायचं, दोरा कसा घ्यायचा. मी मध्ये पडायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी पडलेच. मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, की ही कणसं आईने चवथीसाठी राखली आहेत. त्या म्हणाल्या, मला ठाऊक आहे, म्हणून तर यात इतका अर्थ आहे. आणि उरतील की. ग्रूप मोठा होता. कोपरा लहान होता. प्रत्येकाला एक जुडी, मग कुणाला स्वतःच्या आईसाठी एक, कुणाला शेजारणीसाठी एक. आई शेवटच्या रोपांपाशी उभी राहून बघत होती. ती शेवटची रोपं एका मुलीने मागितली, तिच्या आजीसाठी. अगदी गोड मुलगी, वाकून आईच्या पाया पडली. आईने कापून दिली.

मॅडमना मागाहून लक्षात आलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं. "मावशी, हांव तुमकां बाजारांतलीं बरीं पळोवन हाडून दितां," असं म्हणाल्या. आई म्हणाली, "ऱ्हवांदे." बसमध्ये विळा पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसली. मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

ग्रूप चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी गेला. मी खोल्या आवरायला घेतल्या. पहिल्याच खोलीत खिडकीच्या दांडीला एक जुडी लटकत होती. दुसऱ्या खोलीत ओल्या कचऱ्याच्या बादलीत, संत्र्याच्या सालींवर आणि कॉफीच्या चोथ्यावर, दोन. तंबूजवळच्या बादलीत तर एकावर एक रचलेल्या. एकाने वर चिठ्ठी ठेवली होती, की बॅगेत माती होईल म्हणून नेता येत नाही, कृपया खतात घालावे. सगळ्यांनी ओल्या कचऱ्यातच टाकल्या होत्या. एकानेही चुकून सुक्यात टाकली नव्हती. आमच्या सूचना त्यांनी किती मन लावून वाचल्या होत्या! त्या बादलीला लाथ मारावी आणि चोथ्यासकट सगळं त्या स्वच्छ खोलीभर उडवावं, असं मला झालं. मी तसं केलं नाही. खाली बसले आणि एकेक जुडी वेचून काढली.

स्वयंपाकघरात नेऊन त्या सगळ्या धुतल्या, झटकल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या. घरी जाऊन काय सांगायचं ते बसमध्ये ठरवलं. मॅडमनी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती, असं सांगायचं. एवढं खोटं देव पोटात घेईल असं मला वाटलं.

मावशी येऊन पोचली होती. दोघी ओसरीवर गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं निवडत बसल्या होत्या. मी फडकं सोडलं आणि ठरवलेलं बोलले. आईचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर माझंच खरं वाटलं. तिने एक जुडी दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि मग थांबली. दाण्यांमध्ये कॉफीचा चोथा अडकला होता. तिने तो बोटाने काढून बघितला, वास घेतला.

"ही खंय होती?"

मी सांगितलं.

मावशी म्हणाली, त्यात काय झालं, गोमूत्र शिंपडून घेऊया, घरचंच तर आहे. आई म्हणाली, "टाकलेला देवाक चलना नाय." आवाज चढवला नाही, काही नाही. उठली, सगळ्या जुड्या ओच्यात घेतल्या आणि शेजारच्या गोठ्यात गेली. मी मागून गेले. तिने दोरे एकेक करून सोडले, आंब्याची पानं वेगळी केली, आणि कणसं म्हशीपुढे टाकली. म्हैस खाऊन संपवेपर्यंत तिथेच उभी राहिली. त्या चवथीला आमच्या दारावर नुसती आंब्याची पानं होती. आलेगेले विचारायचे, नवं खंय? मावशी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची, आई आत निघून जायची.

आता घरी राहा, असं मी तिला परोपरीने सांगितलं. मी एकटी कमावते ते दोघींना पुरतं. मॅडमनाही मी सांगून टाकलं, की आई यायची नाही. त्यांनी बादलीतली गोष्ट ऐकली, डोळे पुसले, आणि म्हणाल्या की पुढच्या वर्षी पाहुण्यांना आधीच विचारायला हवं की कोण नेणार आहे. पण चवथीनंतरच्या शनिवारी आईच माझ्या आधी तयार होऊन बसली. घरात बसून भिंती बघू काय, म्हणाली.

कारापूरला माडाखालचा कोपराही एव्हाना नांगरून मधल्या शेतात मिळवला होता. आई त्या सगळ्यात उतरली. पाहुण्यांना ओळी दाखवल्या, दोरी धरली, कुणाचा पाय घसरला त्याला हात दिला. मग आपली ओळ लावायला घेतली. मी चहाचा ट्रे घेऊन मेरेवर उभी होते. तिची ओळ दोरीसारखी सरळ चालली होती आणि सगळे तिचे फोटो काढत होते. पण मला कुठेतरी खटकत होतं, आणि मग कळलं. रोप लावताना अंगठ्याने मूळ चिखलात दाबायचं असतं. आई दाबत नव्हती. वाकायची, रोप चिखलावर नुसतं टेकवायची आणि हात काढून घ्यायची. ती पुढे सरकली की मागची रोपं हळूहळू पाण्यात आडवी होत होती. जन्मभर शेत केलेल्या बाईने असं लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ट्रे खाली ठेवून मी तिच्याजवळ गेले.

"आये, अशी ठेवलंस तर रुजूची नाय ती."

वर न बघता तिने पुढचं रोप टेकवलं. "रुजान काय करतली?"